वेळापत्रक आधी घरातल्या मोठ्यांचं

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणारी २९ वर्षांची आहे. पहिलं बाळंतपण, मुलगी सात आठवड्यांची. सध्या ती नाशिकला माहेरी आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येऊन जातो. बाळ फक्त अंगावर पितं. जन्मतः वजन २ किलो ८०० ग्रॅम होतं, दीड महिन्याच्या लसीच्या वेळी ३ किलो ८०० भरलं. मोबाइलवरच्या एका ॲपप्रमाणे दर तीन तासांनी पाजायचं, मग खेळवायचं, मग झोपवायचं असं वेळापत्रक तिने लावून पाहिलं, पण ते एक दिवसही नीट पाळता आलं नाही. बाळ दुपारी अडीच-तीन तास गाढ झोपतं, संध्याकाळी सहानंतर रडतं आणि रात्री दहा ते दीड दर अर्ध्या-पाऊण तासाने प्यायला मागतं. आईचं म्हणणं, "रडली की घ्यायची, त्यात ठरवायचं काय?" नणंद म्हणते, शिस्त आत्ताच लावली नाहीस तर पुढे जड जाईल, तिचा मुलगा दोन महिन्यांचा असताना रात्रभर झोपायचा. शेजारच्या काकूंचं मत, दूध पुरत नाही, रात्री एक बाटली वरचं दूध दे. नवऱ्याने नोंदी ठेवायला एक्सेल शीट करून दिली आहे. महिन्याभरात पुण्याला परतायचं आहे आणि चारेक महिन्यांनी ऑफिस सुरू होईल. ती विचारते, "बाळाला वेळेची सवय कशी लावू? रात्र जवळ आली की पोटात गोळा येतो. बाकी सगळ्यांना जमतं, मग माझंच काय चुकतंय?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तू एका ओळीत सांगून पुढे निघून गेलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या आकड्यावर परत येतं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढत जातं. तुझ्या मुलीने ही घट भरून काढून वर सहा आठवड्यांत किलोभर वजन कमावलंय, आणि तेही फक्त तुझ्या दुधावर. दिवसभरात तिला सहा किंवा त्याहून जास्त वेळा भरपूर शू होत असेल, तर दूध पुरतंय की नाही ही शंका मनातून काढून टाक.

काकूंनी सुचवलेली रात्रीची बाटली म्हणूनच नको. आईचं शरीर जेवढं दूध बाळ ओढेल तेवढं पुढे बनवतं. रात्रीची एक वेळ बाटलीने भागवली की तेवढं दूध साचून राहतं आणि शरीर हळूहळू हात आखडता घेतं. त्यात रात्री प्रोलॅक्टिन हे दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं पुढच्या महिन्यांच्या दुधाची तरतूद असते. दूध पुरतंय अशा बाईला "पुरत नाही" म्हणून बाटली दिली जाते आणि मग ते खरोखरच पुरेनासं होतं, असं आपल्याकडे घरोघरी घडतं. तुझ्या बाबतीत ते घडू नये अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. "सवय कशी लावू" असं तू विचारतेस. सात आठवड्यांच्या बाळाला घड्याळाची सवय लागू शकते, आणि लागली नाही तर त्यात कुणाचं तरी चुकतंय, असं तू धरून चालली आहेस. मला हे मुळातच मान्य नाही.

ठरावीक तासांनी पाजण्याची कल्पना तुझ्या ॲपवाल्यांची नाही, ती शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूझीलंडमधल्या डॉक्टर ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये डनीडनला प्लंकेट सोसायटी सुरू केली. तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी व्हावेत ही त्यांची तळमळ खरी होती. आईच्या दुधाचाही त्यांनी आग्रह धरला. पण त्याबरोबर दर चार तासांनीच पाजा, रात्री पाजू नका, असा कडक नियमही घालून दिला, आणि तो नियम पुढे कित्येक वर्षं देशोदेशीच्या आयांनी पाळला. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याच्या दहा सूत्रांत एक होतं : बाळ मागेल तेव्हा पाजा. तुझी आई थोड्या फरकाने हेच सांगते आहे. तो फरक कोणता, ते पुढे सांगते.

या वयाचं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पोट लहान असतं, आईचं दूध लवकर पचतं. आणि दोन वेळांतलं अंतर सारखं असावं असा काही नियम नाही. सकाळी तीन तास, संध्याकाळी अर्धा तास, असंही चालतं. एका आईच्या अंगात एका वेळी जास्त दूध साठतं, तिचं बाळ अंतराने पितं. दुसरीच्या अंगात कमी साठतं, तिचं बाळ थोडं थोडं पण वारंवार पितं. दिवसाकाठी दोन्ही बाळांच्या पोटात जाणारं दूध जवळपास तेवढंच. म्हणून नणंदेच्या मुलाचा हिशेब तुझ्या मुलीला लावू नकोस. तुझं बाळ दुपारी भूक बाजूला ठेवून झोपतं आणि राहिलेलं रात्री वसूल करतं; तिच्या दृष्टीने हिशेब पुरा होतो. तुझी झोप मात्र त्यात जाते, आणि खरी अडचण ही आहे.

झोपेचंही तसंच. नवजात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. पोटात असताना दिवस-रात्रीची खूण त्याला आईच्या शरीराकडून मिळत होती. बाहेर आल्यावर ते घड्याळ त्याला स्वतःचं घडवावं लागतं, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर बाळाने रात्र-दिवस उलटे केले अशी तक्रार बहुतेक घरांत असते. काही बाळं दोन महिन्यांत रात्री सलग पाच तास झोपतात, काही सहा महिन्यांतही झोपत नाहीत, आणि दोन्ही निरोगी असतात. शिस्त लावल्यामुळे नणंदेचा मुलगा झोपला, की तो झोपणाराच होता आणि श्रेय शिस्तीला मिळालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. "हो ताई, थोडी मोठी झाली की बघू," एवढं म्हण आणि विषय बदल.

आता आईच्या म्हणण्यातला तो फरक. "रडली की घ्यायची" हे बरोबर आहे, पण रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधीची दहा मिनिटं नीट पाहा. डोळे अजून मिटलेले असतात, पण पापण्यांखाली बुबुळं हलायला लागतात. ओठांची चुळबुळ होते, जीभ बाहेर येते. मग डोकं एका बाजूला वळतं, तोंड उघडतं, दुपट्याची कड गालाला लागली तरी तिकडे ओढ घेतं. मूठ तोंडाशी येते. मग एक बारीक कुरकुर. एवढं झाल्यावर कुणी घेतलं नाही तर रडणं. रडायला लागलेलं बाळ अंगाला नीट लागत नाही, घाईघाईने हवा गिळतं, थोडं पिऊन थकून झोपतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा उठतं. तुझ्या दहा ते दीडच्या चक्रातला काही भाग असा तयार होत असण्याची दाट शक्यता आहे. कुरकुर सुरू व्हायच्या आत घेतलंस तर ती शांतपणे, पोटभर पिईल.

याची दुसरी बाजू म्हणजे प्रत्येक हालचाल ही भूक नसते. या वयात झोपेचा जवळजवळ अर्धा भाग चळवळीच्या झोपेचा असतो. बाळ कण्हतं, कुंथतं, चेहरा वेडावाकडा करतं, पाय झाडतं, क्षणभर रडल्यासारखंही करतं, आणि हे सगळं झोपेत चाललेलं असतं. पन्नास-साठ मिनिटांनी झोपेचं एक आवर्तन संपतं, तेव्हा हे हमखास होतं. अशा वेळी झटकन उचललं, दिवा लावला, लंगोट तपासला की झोपलेलं बाळ आपणच जागं करतो. तिच्या पोटावर हलका हात ठेव आणि मिनिट-दोन मिनिटं थांब. डोकं वळवून शोधायला लागली तर भूक आहे, घे. सुस्कारा टाकून पुन्हा सैल पडली तर झोपू दे. हे दोन्ही ओळखायला लागलीस की ॲपच्या घंटेची गरज उरणार नाही. ती घंटा तू आजच बंद करावीस असं मला वाटतं.

संध्याकाळच्या रडण्याबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचंय : त्यात तुझा दोष नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० आयांना आपापल्या बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की निरोगी बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळसाला पोहोचतं, साधारण पावणेतीन तास रोज, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी. पुढे ते कमी होत जातं. तीन-चार महिन्यांपर्यंत बराच फरक पडतो. म्हणजे तू सध्या सगळ्यात अवघड आठवड्यांतून चालली आहेस आणि इथून पुढे उतार आहे. याच वेळी बाळं लागोपाठ अनेकदा पितात, तेही नेहमीचंच. संध्याकाळी अंग मऊ पडलंय, दाबलं तर दूध येत नाही, म्हणून "दूध आटलं" असं वाटतं. पण त्या थोड्या थोड्या पिण्यातूनही बाळाला दूध मिळतच असतं.

म्हणून घड्याळ नको, क्रम ठेव. उठल्यावर पाजणं, मग थोडा वेळ जागं राहणं, मग झोप, हा ॲपमधला क्रम वाईट नाही. त्याला तास बांधणं वाईट. या वयात बाळ एका वेळी तास-सव्वा तासापेक्षा जास्त जागं राहू शकत नाही. जांभई दिली, नजर एकाच ठिकाणी खिळली, हातपाय झटकायला लागली की झोपव. आणि पिता पिता झोपली तर झोपू दे. क्रम मोडला म्हणून तिला उठवून खेळवण्यात काही अर्थ नाही.

आता बाळंतिणीच्या खोलीबद्दल. मला या पत्रावरून तुमची खोली दिसत नाही, पण आपल्याकडे ती बहुधा कशी असते ते माहीत आहे : वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवसाही अर्धा अंधार, बाळ झोपलंय म्हणून सगळे कुजबुजत बोलतात. आणि रात्री तीच खोली ट्यूबलाइटने उजळलेली, कारण लंगोट बदलायचाय, गरम पाणी आणायचंय, सगळे उठलेत. अशा खोलीत बाळाला दिवस कधी आणि रात्र कधी हे कळणार कसं? वारा टाळायचा असेल तर खिडकी बंद राहू दे, पण पडदा उघड. सकाळी तिला उजेडाच्या खोलीत घेऊन बसा. दिवसा मिक्सर, बेल, बोलणं, सगळं नेहमीच्या आवाजात चालू दे. रात्री साडेआठनंतर मंद दिवा, हळू आवाज, खेळवणं नाही. रात्री पाजताना मोबाइल दूर ठेव. त्याचा उजेड तुलाही परत झोपू देत नाही.

आणि एक वेळ तुमच्या घरी आधीच पक्की असणार, मालिश आणि आंघोळीची. मालिशवाल्या मावशी येतात त्या वेळेभोवती बाळाचा सगळा दिवस आपोआप गुंफला जातो, कारण आंघोळीनंतरची झोप सगळ्यात गाढ. तुझं बाळ दुपारी अडीच-तीन तास झोपतं ते बहुधा याचमुळे. ती झोप मोडायला नको. पण अडीच-तीन तास झाले की दुपटं सैल कर, तळपायांना हलकेच चोळ, आणि अर्धवट झोपेत असतानाच अंगाशी लाव. दिवसा एक-दोन वेळा जास्त प्यायली की रात्रीची वसुली हळूहळू कमी होते. चार-पाच दिवसांत फरक दिसेल असं मी म्हणणार नाही. दोन आठवडे धीर धर.

मावशींना दोन-तीन गोष्टी गोडीने सांग. आंघोळीनंतरची धुरी नको, त्या धुराने तान्ह्या फुप्फुसांना त्रास होतो. नाका-कानात तेल नको, काजळ नको. घुटी, मध, साधं पाणीसुद्धा सहा महिने नको. मध तर वर्षभर नको. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज दे. आईला हे सांगताना "डॉक्टरांनी सांगितलंय" असं म्हण, म्हणजे तिच्या बाळंतपणाच्या पद्धतीवर बोट ठेवल्यासारखं होणार नाही. डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, शेक हे तिचं प्रेम आहे, ते मनापासून घे.

झोपेच्या जागेबद्दल थोडं कडक बोलते. बाळ नेहमी पाठीवर झोपवायचं, दिवसाही आणि रात्रीही. अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. डोक्याला आकार यावा म्हणून आपल्याकडे राईची उशी ठेवतात. ती काढून टाक. जाड गोधडी, मऊ खेळणी, लोड जवळ नकोत. तुझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण तिचं अंथरूण वेगळं, ही सगळ्यात चांगली सोय. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून तिथे झोप लागली की सपाट अंथरुणावर ठेव. आणि रात्री सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नकोस. थकलेल्या आईला तिथे डुलकी लागली तर बाळ फटीत सरकतं, दबतं. रात्री गादीवर, आजूबाजूच्या उशा-पांघरुणं बाजूला करून पाज. तिथे डोळा लागला तरी धोका कमी असतो. जाग आली की तिला तिच्या जागी ठेव.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुमच्या घरात एक वेळापत्रक नक्की हवं, पण ते मोठ्या माणसांचं. सात आठवड्यांच्या बाळाला वेळ पाळता येत नाही. आजी, आजोबा, बाबा यांना येते. नवऱ्याने केलेली एक्सेल शीट उघड. "किती वाजता प्यायली, किती मिनिटं" हे रकाने काढून टाक. त्या जागी चोवीस तास लिही आणि प्रत्येक तुकड्यापुढे घरातल्या एका माणसाचं नाव लिही. तुझ्या नावापुढे आधी सलग झोपेचा एक तुकडा राखून ठेव, निदान साडेतीन-चार तासांचा. मग बाकीचं वाटा.

नाशिकला हे असं बसू शकेल. संध्याकाळी सहाच्या आत तू जेवून घे, पोटभर, बसून. पुढचे तीन तास बाळ अंगाशीच असणार आहे हे धरून चाल. तेव्हा हातात तांब्याभर पाणी आणि पाठीला तक्क्या असू दे. सात ते आठ या वेळात तुझ्या बाबांनी किंवा भावाने बाळाला खांद्यावर घेऊन गच्चीत, अंगणात फिरायचं. रडली तरी ती कुणाच्या तरी हातात आहे हे पुरे. नऊच्या सुमारास एकदा पाजलंस की तू झोप. बाळ जागं असलं तरी तू झोप. आईने तिला मांडीवर घेऊन बसायचं आणि खरी भूक लागली तरच तुझ्याकडे आणायचं. पहाटे पाच-साडेपाचला पाजून झालं की पुन्हा बाळ आईकडे, आणि तू साडेआठपर्यंत आत. शनिवारी रात्री नवऱ्याची पाळी : त्याने बाळ तुझ्याकडे आणायचं, पाजून झाल्यावर घेऊन जायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, झोपवायचं. पाजण्याखेरीज बाळाचं एकही काम असं नाही जे बापाला येऊ नये. आणि बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सकाळी अकरा ते एक ही वेळ सांग. संध्याकाळी सहाला चहापाणी आणि रडणारं बाळ दोन्ही सांभाळणं कुणालाच शक्य नाही.

हे मागताना तुला अवघड वाटेल, कारण "बाळाला वेळेची सवय लागत नाही" असं म्हणणं सोपं असतं आणि "मला झोप हवी आहे" असं म्हणणं कठीण. पण तुला झोप मिळायला लागली की बाळाच्या त्याच रात्रीचा तुला एवढा धसका वाटणार नाही. पुण्याला जायच्या आधी ही शीट नवऱ्यासोबत बसून पुन्हा मांड. तिथे आई-बाबा नसतील. सासूबाई येणार आहेत का, स्वयंपाकाला बाई लावायची का, तो पहाटेची पाळी घेऊन मग ऑफिसला जाणार की रात्री बारापर्यंत जागणार, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. खासगी नोकरीत बाबांना बाळंतपणाची रजा कायद्याने मिळत नाही, पण बऱ्याच कंपन्या आपल्या धोरणात ती देतात. त्याने विचारावं, आणि उरली असेल तर तू पुण्याला पोहोचशील त्या आठवड्यात घ्यावी.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी दोन शब्द. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल, जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, कावीळ असेल किंवा वजन अजून जन्माच्या आकड्यावर आलं नसेल, तर मात्र घड्याळ लागतं. अशा बाळाला भुकेची खूण देण्याइतकीही ताकद नसते. दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं, डॉक्टर सांगतील तोवर. जुळं असेल तर एक उठलं की दुसऱ्यालाही उठवून पाजा, नाहीतर आईला झोप अशी मिळतच नाही. ज्यांना काही कारणाने वरचं दूध द्यावं लागतंय त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात दूध करा, पातळ करू नका, उरलेलं ठेवू नका, आणि बाळाने तोंड फिरवलं की बाटली संपवायचा आग्रह धरू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, ते पिईनासं झालं, उठवूनही सुस्त राहिलं, शू खूप कमी झाली, किंवा शांत असताना श्वास मिनिटाला ६० हून जास्त वेगाने चालला, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. गावात असाल तर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, त्या फक्त नोंदीसाठी येत नाहीत. पाजताना त्रास होतोय, वजनाची शंका आहे, हे त्यांना मोकळेपणाने विचारा.

पुन्हा तुझ्याकडे वळते. "रात्र जवळ आली की पोटात गोळा येतो," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, मन हळवं होणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. तुला सात आठवडे झालेत. झोप मिळाल्यावरही तो गोळा राहिला, बाळ झोपलेलं असताना तुला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुझ्या प्रसूतितज्ज्ञांना सांग. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची, १४४१६ क्रमांकाची विनामूल्य फोन सेवा दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, म्हणून त्या भीतीने गप्प राहू नकोस.

ऑफिसची तयारी आत्तापासून नको. चार महिन्यांनी तुझी मुलगी पूर्ण वेगळी असेल. तिची झोप बरीच एकत्र आलेली असेल आणि तू रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिचं खिमट, भाताची पेज सुरू होईल. रुजू होण्याच्या महिनाभर आधी रोज सकाळी एकदा दूध काढायला लाग आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजू दे. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. उन्हाळ्यात मात्र काढल्या काढल्या फ्रिजमध्येच ठेव. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही रजा तिथेही कायम आहे. त्याच संहितेत बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवशी पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या दिलेल्या आहेत, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही. या सुट्ट्यांबद्दल तुझ्या ऑफिसला आधी मेल कर, तोंडी विचारू नकोस. दूध काढायला कडी लावता येईल अशी जागा आणि फ्रिजचा एक कप्पा हेही त्याच मेलमध्ये माग.